गाण्यामागचा आवाज

चीनच्या लढाईनंतरच्या वर्षी आमची पोस्टिंग हरिहरेश्वरजवळच्या एका टेकडीवर होती. मी सिग्नलमन, माझा सीनिअर लान्स नाईक गोविंद सातपुते. वायरलेस समुद्रावर किती दूर पोचतो ते तपासायचं काम. सातपुते दुसरा सेट घेऊन बाळू नाखवाच्या होडीतून जायचा. मी वर सतत त्याच फ्रीक्वेन्सीवर कान ठेवायचा, असा हुकूम होता.

कोळीवाड्यातली माणसं सेट बघायला यायची. मी फुशारकीने सांगायचो, "याला इलेक्ट्रॉनिक्स म्हणतात. काचेच्या व्हॉल्व्हमधून इलेक्ट्रॉन धावतात. भूत नाही, मंत्र नाही." ट्रेनिंगमध्ये मला एवढंच कळलं होतं.

त्या दुपारी होडी समुद्रावर गेलेली असताना, १४१० वाजता बाळूची बायको काशीबाई सुकट घेऊन आली.

"पेटीत गानी हायत का रं, का नुसती खरखर?"

मी डायल फिरवून गाणी लावली. ती हसली. मग तिने कान पेटीजवळ नेला.

"गान्याच्या मागं कोन बोलतंय?"

"कुणी नाही, मावशी. इलेक्ट्रॉनिक्समध्ये असं होतं."

"आमच्या ह्यांचा आवाज हाय."

"नाखवा कधीपासून सेट चालवायला लागला?"

गाणं संपेपर्यंत मी डायल हलवली नाही.

१४१६. परत फ्रीक्वेन्सीवर आलो. पलीकडे बोलायचा स्विच दाबलेला होता, बोलत कुणी नव्हतं. बारीक गुणगुण, आणि तिच्यात पाण्याची चुळकचुळक.

मी सातपुतेच्या सेटला विचारलं, माझा आवाज पोचतोय का: "हॅलो वन, हॅलो वन. रिपोर्ट माय सिग्नल्स. ओव्हर."

गुणगुण तशीच. चार मिनिटांनी तीही थांबली. बाहेर लख्ख ऊन, समुद्र शांत. होडी कुठेच नव्हती. खाली किनाऱ्यावर चार होड्या रिकाम्या उभ्या होत्या. सहा मिनिटं आधी तो आवाज ऐकून मी खाली हाक दिली असती, तर त्या निघाल्या असत्या.

होडी कशाने बुडाली, सेट सातपुतेच्या हातून नाखवाच्या हाती कसा गेला, हे आजही ठाऊक नाही. प्रेतं मिळाली नाहीत.

चौकशीत मी म्हणालो, "सर, इलेक्ट्रॉनिक फॉल्ट." साहेबांनी मान डोलावली. सेट कुणी उघडला नाही. काशीबाईला कुणी बोलावलं नाही.

आता माणगावच्या दुकानांवर तो शब्द ठळक रंगवलेला असतो. घड्याळ, खेळणी, सगळं इलेक्ट्रॉनिक. बिघडलं की लोक तोच शब्द उच्चारून मोकळे होतात. तसाच मीही झालो होतो.

सेट ठणठणीत होता. नोंदवहीत माझ्या अक्षरात लिहिलंय, 'संदेश आला नाही.' लान्स नाईक गोविंद सातपुते आणि बाळू नाखवा यांच्या होडीवरून संदेश आला होता.