टोपीतलं जावळ

माझ्या पापानं नातीला रक्ताचा कॅन्सर झाला, असं मी धरून चाललो होतो. मी चौथी शिकलेला माणूस, परभणी जिल्ह्यात बोरीकडं जन्मभर शेती केली, मनात येईल ते तोंडावर बोलतो. पण ही एक गोष्ट कुणाला सांगता आली नाही. आता मन निवांत आहे, म्हणून लिहायला बसलो.

आमच्यात लेकराचं पहिलं जावळ कुळदेवीच्या डोंगरावर काढायची रीत. राणी आठ महिन्यांची असताना तिची आजी, म्हणजे माझी बायको, काविळीनं अंथरुणाला खिळली. शेवटी तिचं एकच बोलणं, "माझं काय व्हायचं ते होऊ द्या, पोरीचं जावळ देवीला द्या." मी देवीपुढं रोज हात जोडले. तरी ती गेली. तेरावं झालं आणि मी न्हाव्याला अंगणात बोलावून पोरीचं डोकं भादरलं, केस उकिरड्यावर फेकले. देवीला म्हणालो, तू माझं ऐकलं नाहीस, मी तुझं ऐकणार नाही. सून काही बोलणार होती, माझा चेहरा बघून गप बसली.

राणी पाच वर्षांची झाली आणि तिला ताप धरला. अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. परभणीच्या डॉक्टरनं रक्त तपासून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात धाडलं, तिथं आजाराचं नाव कळलं. गावात मात्र ज्याला त्याला कारण ठाऊक. कुणी म्हणालं फवारणीचं औषध, कुणी म्हणालं सुनेच्या माहेरचं रक्तच खराब. सून मुकाट रडायची. मी खालमानेनं ऐकायचो. गुन्हेगार मी आणि बोलणी ती खातेय, हे कळत होतं, पण जीभ उचलली नाही.

माझा पोरगा शेत बघायला घरी राहिला, पोरीपाशी दवाखान्यात मी आणि सून, आणि औषधं चालू झाली. त्यानं केस जातात, हे मी शेजारच्या खाटांवर बघत होतो. म्हणून ठरवलं, केस डोक्यावर आहेत तोवर पोरीला डोंगरावर नेऊन ते देवीला द्यायचे. डॉक्टरीणबाईंना दोन दिवसांची सुट्टी मागितली. त्यांनी विचारलं कशाला, आणि त्या परक्या बाईपुढं मी सगळं ओकलो.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा, शरीरात एका पेशीच्या दोन होतात. तेव्हा आतली सगळी माहिती एकीतून दुसरीत उतरते. त्यात कधी एखादी चूक राहते. बहुतेक लेकरांत ती आईबापाकडून आलेली नसते, आपोआप होते. पुष्कळदा आईच्या पोटात असतानाच. पुढं आणखी एखादी चूक झाली, तर हा आजार उठतो."

"पोटात? म्हणजे जावळाच्या आधीच?"

"हिच्यात नक्की कधी झाली ते मला सांगता येणार नाही. पण केस कुठं कापले यानं हा आजार होत नाही. आणि सुनेनंही काही केलेलं नाही. आता पोरीला गर्दीत नेलंत, तर साधा ताप जिवावर बेतेल. ताकदीच्या पांढऱ्या पेशी उरल्या नाहीत तिच्यात."

मी तिफण धरलेला माणूस. पेरताना बी सोडायचं एखादं नळं तुंबतं, तास बियाविना मोकळा जातो, आणि ते कळतं उगवल्यावर. त्यात पेरणाऱ्याच्या मनात पाप नसतं. बाईंचं बोलणं डोक्यानं मानलं, छाती मानेना. सकाळी सून अंघोळीला गेली की पोरीला उचलून एसटीत बसायचं, असं ठरवून पिशवी भरली.

सकाळी राणीला उठवायला गेलो. तिनं मान वळवली आणि मूठभर केस उशीवरच राहिले. फरशी पुसणारी मावशी आली नि चादर झटकायला लागली.

"नका झटकू," मी म्हणालो. "देवीचे हायेत."

तिनं फडकं खाली ठेवलं, माझं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजोबा, मी बौद्ध हाय, तुमची देवी मला ठाऊक न्हाई. पण आईच म्हणता ना तिला? मग आईला केस पायजेत, का आजारी लेकरू फरपटत आणलेलं? केस तर आपले आपण निघाले. टोपीत घाला अन् घेऊन जावा. पोरीला झोपू द्या."

मी टोपी काढली. एक एक केस वेचला. सून आली तेव्हा तिच्यापुढं सगळं कबूल केलं, उकिरड्यापासून सगळं. तिनं टोपी हातात घेतली.

"मामा, ते केस मी त्याच दिवशी उचलले व्हते," ती म्हणाली. "घरी पत्र्याच्या डब्यात, आत्याच्या फणीपाशी ठेवलेत. बोलले असते तर तुमी परत फेकले असते."

खरं होतं. फेकलेच असते.

सुनेला पोरीपाशी ठेवून घरी गेलो, डबा उघडला. मऊ, पिवळट जावळ कापडात बांधलेलं, शेजारी बायकोची लाकडी फणी. जावळ टोपीतल्या केसांत ठेवलं, फणी खिशात टाकली आणि डोंगर चढलो. देवीपुढं टोपी ठेवली. लेकराचं आयुष्य मागायला गेलो होतो, पण मागणं तोंडात आलंच नाही. तुझं तुला आणून दिलंय, एवढंच म्हणालो. बायको गेल्यापासून अडकलेलं रडू तिथं बाहेर पडलं.

उपचार दोन वर्षांवर चालले. आता आजार दिसत नाही म्हणतात, तपासणीला बोलावतात. पुढचं कुणी सांगत नाही, मीही विचारत नाही. एकदा मावशीला म्हणालो, तुला देवीनंच धाडलं होतं. ती म्हणाली, "मला कुणी धाडलं न्हाई आजोबा, त्या दिवशी माझी डूटी व्हती." मी वाद घातला नाही. गावात मात्र घातला. सुनेच्या माहेरावर बोलणाऱ्याला पारावर उभं करून पोटातल्या चुकीचं सांगितलं, जमेल तसं.

राणीला नवीन केस आलेत, कुरळे, दाट. आजीच्या फणीनं वेणी मीच घालतो, वाकडी होते, ती कुरकुर करते. फणीत चार केस येतात, तेव्हा छातीत धस्स होतं अजून. मग ते चार केस बोटाला गुंडाळतो, म्हणतो, आई, हे पण तुझेच, आणि दुसरी वेणी घालायला घेतो.