चुलीवरची काकडी

ऐकायचंच आहे ना? मग आधी चहा पिऊन घ्या, नाहीतर हसताना सांडाल.

मी नाशिकची. लग्न होऊन मोखाड्याजवळच्या पाड्यावर आले आणि पहिलीच दिवाळी. सासूबाईंवर छाप पाडायची होती, दुसरं काय! माहेरी माझी ख्यातीच तशी. उरलेल्या पोळीचा लाडू, उरलेल्या भाताचे वडे, उरलेल्या वड्यांची आमटी. पाहुणा ताटावर बसला की आधी विचारायचा, "हे मुळात काय होतं?"

दिवाळी झाली आणि घरात केवढं उरलं! भात, उकडलेली चवळी, डब्याच्या तळाशी चकल्यांचा चुरा. दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळे भातकापणीला निघाले. सासूबाई जाताना म्हणाल्या, "बाय, दुपारचं जेवण शेतावर घेऊन ये. घरात उरलंय ते संपव."

उरलंय ते संपव! अहो, हे मला सांगायचं?

भात कुस्करला, चवळी ठेचली, चुरा घातला. पण सगळं कोरडं ठाक. आता ओलं काय घालावं म्हणून इकडेतिकडे बघते, तर चुलीच्या वर, वाशाला एक काकडी टांगलेली! हातभर लांब, पिवळीजर्द, साल तडकलेली, धुराने काळवंडलेली. इथे दिवाळीला काकडी किसून, पिठात कालवून पानात उकडतात. मला वाटलं, त्यातलीच एक राहून गेली. बिचारीला सगळे विसरले म्हणून मला वाईटसुद्धा वाटलं!

स्टुलावर चढून दोरी कापली. गर किसला. आतल्या बिया केवढ्या मोठ्या, कडक. त्या ओंजळीने अंगणात फेकल्या आणि कोंबड्यांना वर म्हटलं, "खा गं बायांनो, तुमचीपण दिवाळी!"

वडे असे झाले म्हणून सांगू! शेतावर सासूबाईंनी एकट्यांनी चार खाल्ले. एवढंच नाही, शेजारच्या शेतातल्या कमळामावशीला हाक मारली. "ये गं, माझ्या सुनंच्या हातचं खाऊन तर बघ!"

मी हवेत. पाय जमिनीला लागतायत कशाला?

"गोड लागतंय गं," कमळामावशी म्हणाली. "काय घातलंस?"

"काही नाही हो, सगळं उरलेलंच. भात, चवळी, आणि ती विसरलेली काकडी."

"कंची काकडी?" सासूबाईंनी विचारलं.

"ती नाही का आई, चुलीवर टांगलेली. खराबच व्हायला आली होती."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. कमळामावशीने तोंडाला पदर लावला. माझा नवरा सुनील एकदम उठून भात कापायला लागला. ताट अर्धं टाकून!

"बी कठं ठेवलंस, बाय?"

आता काय सांगू तुम्हाला… मी म्हटलं, "कोंबड्यांना घातलं." तेही हसत हसत!

सासूबाई जेवण तिथेच टाकून घराकडे निघाल्या. मागे मी, माझ्यामागे सुनील. वाटेत त्याने सांगितलं. ती काकडी बियाण्याची होती. सासूबाई जामसरहून नवरी होऊन आल्या, तेव्हा त्यांच्या आईने ते बी पदराला बांधून दिलं होतं. दरवर्षी वेलावरची सगळ्यात चांगली काकडी धुरात टांगायची, तिचं बी राखेत घोळून पावसापर्यंत जपायचं. आई गेली, पण बी चालू होतं. आणि मी त्या काकडीचे वडे तळले!

आम्ही तिघं अंगणात रांगत होतो आणि कोंबड्या तृप्त होऊन आमच्याकडे बघत होत्या.

"आई, कोंबड्यांच्या पोटात असेल का अजून? कापून बघायच्या का?"

"बी तर गेलंच," सासूबाई म्हणाल्या, "आता कोंबड्यापण घालव."

तीन बिया सापडल्या. तीनच. पावसात पेरल्या, मी रोज जाऊन बघायचे. एकही उगवली नाही. जामसरला सासूबाईंच्या भावाकडे, मामांकडे विचारायला गेले, तर ते केव्हाच दुकानातलं पाकिटाचं बी लावायला लागलेले. उलट मामीच म्हणाल्या, "आम्हीच आक्काकडं मागायला येणार होतो."

सासूबाई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं हो! त्या फक्त चुलीपाशी बसल्या की मधेच वर बघायच्या.

यंदा आम्हीही पाकिटाचंच बी लावलं. दिवाळीनंतर बघते, तर चुलीवर पुन्हा काकडी टांगलेली! मी त्या बाजूला फिरकेना. झाडायचेसुद्धा लांबूनच.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "काढ ती."

"नको आई! बियाण्याची असेल."

"तिचं बी पेरून पुन्हा तशी काकडी येत नाय, दुकानातली ती. तुझ्यासाठीच टांगलीय. वडे कर, आन बी घाल कोंबड्यांना."