लांब झालेली ओळ

अमरावतीच्या एका छोट्या कंपनीत मी शेतकऱ्यांच्या मोबाईलवर फवारणीचे मेसेज पाठवणारा प्रोग्राम लिहायचो. बोंडअळीनं कपाशी पोखरली, ती वर्षं. साहेबांनी कुठूनसं प्रोग्राम तपासणारं सॉफ्टवेअर आणलं. आपलं काम चालतं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही, ते नीटनेटकं दिसतं की नाही एवढंच बघणार. इथं जागा जास्त सुटली, तिथं ओळ लांब झाली, की मारला पिवळा शेरा. संध्याकाळपर्यंत एकही पिवळा दिसता कामा नये, असा हुकूम निघाला.

मी आधीच तापट. काय कटकट आहे म्हणत एकेक ओळ सरळ करत सुटलो. शेवटी नव्या औषधाच्या मेसेजची ओळ उरली. ती मधेच तोडून खाली घेता आली असती, पण डोकं फिरलं होतं. मी मेसेजचंच शेपूट छाटलं: 'तोंडाला फडकं बांधा.' हे काय सांगायला लागतं, असं म्हणालो आणि चहाला गेलो.

माझा मोठा भाऊ अकोल्याकडे गावी शेती करतो. मेसेज त्यालाही जायचे. फवारणीच्या सकाळी तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून गड्याला मेसेज वाचून दाखवायचा, मगच दोघं पंप पाठीवर घ्यायचे. ऑक्टोबरच्या उन्हात फडक्यानं जीव घुसमटतो. गडी कुरकुरायचा. हा म्हणायचा, आमच्या लहान्यानं लिहिलं आहे, बांध मुकाट्यानं.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. दोघंही वावरातच चक्कर येऊन पडले होते, डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. एसटीत अकोल्यापर्यंत मी भावाच्या डोळ्यांसाठी देवाची विनवणी करत होतो.

दवाखान्यात भावाच्या डोळ्यांवर पट्टी होती. दिसेल, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. फडकं कावून नाही बांधलं, मी विचारलं.

"यावेळी तू लिहिलं नव्हतं ना. मले वाटलं, या औषधाले गरज नसन."

मग मी सांगून टाकलं. लिहिलेलं होतं, मीच काढलं, ओळ लांब दिसत होती म्हणून. त्यानं चाचपडत चादर छातीपर्यंत ओढून घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गड्याले फडकं सोड म्हणून मीच म्हटलं होतं," तो म्हणाला. "बाजूच्या वॉर्डात हाय. त्याचं डॉक्टर काहीच सांगून नाही राहिले. तूच सांग त्याले."

मी उठून गेलो. गडी झोपला होता. पायाशी बसलेल्या त्याच्या बायकोनं मला ओळखलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि बसायला जागा करून दिली.

"तुमचे मेसेज येते म्हून बरं हाय, भाऊ," ती म्हणाली. "नाहीतर आमाले कोन सांगते?"

मी हो म्हणून मान हलवली आणि तिनं करून दिलेल्या जागेवर बसलो.