चाकावर फोडलेला नारळ

पन्नास वर्षं मी हे सांगायचं टाळलं. ज्यांना आधी सांगायला हवं होतं, ते गेनू मिस्त्रीही आता नाहीत. चिडचिड होते ती माझ्यावरच...

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास नेवाशातल्या आमच्या वर्कशॉपात विजेवर चालणारा पहिला ग्राइंडर आला, तो खंडेनवमीच्या सकाळी. झेंडू, ग्रीस आणि तापल्या पत्र्याचा एकच वास झालेला, ऐरणीला हळदकुंकू लागलेलं, आणि दहा वर्षांचा मी हातात नारळ घेऊन ताटकळत उभा — कारण मिस्त्रींची तपासणी संपता संपत नव्हती. धारेचं ते दगडी चाक त्यांनी बोटावर टांगलं, हातोडीच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकलं, कान लावला. टण्ण! "चीर असती तर बद्द वाजलं असतं," ते म्हणाले. मग चाक बसवलं, नट आवळला. वरचं झाकण, समोरचा टेकू, मधली फट... पुन्हा पुन्हा तेच.

"मिस्त्री, अजून किती वेळ?"

"नवरी पळून चालली का रं तुझी? थांब की!"

मी पुरता वैतागलो. माझे वडील, अण्णा, बाहेर पाहुण्यांशी बोलत होते. मिस्त्री हात धुवायला गेले. नारळ उंबऱ्याशी फोडायचा होता. पण पूजा यंत्राची, मग मान उंबऱ्याला का? मी तो चाकावरच आपटला. दोनदा. ओघळलेलं पाणी सदऱ्यानं पुसलं आणि भकलं गुपचूप उंबऱ्याशी नेऊन ठेवली.

मिस्त्री आले. त्यांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं, स्वतःही बाजूला उभे राहिले आणि बटण दाबलं. चाकाचा सूर चढत गेला... आणि ते फुटलं. मी आधी उभा होतो त्याच जागेवरून एक तुकडा गेला, मागचा पत्रा फाडून.

"पारखलं हुतं का नुसतंच वाजीवलं?" अण्णा सर्वांदेखत ओरडले.

"अण्णा, चाक चांगलं हुतं..." मिस्त्रींचा आवाज खोल गेला. "का माझाच कान गेला म्हनायचा?"

मी सदऱ्याचा ओला घोळ मुठीत लपवला. दिवाळीनंतर त्यांनी काम सोडलं. पुन्हा कुठल्याच यंत्राला हात लावला नाही. लोकांच्या शेतात राबले.

नोकरी लागल्यावर एकदा, कबुलीचं वाक्य पाठ करून, मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बाजेवर बसवलं, चहा दिला, अण्णांची तब्येत विचारली. मी पावसापाण्याचं बोलत राहिलो. ते फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटी दिसली तेव्हा मी वाकून त्यांचे पाय धरले, जरा जास्तच वेळ. त्यांना वाटलं, रीत.

"मोठा हो," ते म्हणाले, आणि मी गाडीत चढलो.