दार ओढायच्या आधी

अक्का, पाटणच्या स्टँडवर तुम्ही मला गाडीत बसवलंत, तेव्हा मी खिडकीतून म्हणाले, माझ्या खोलीला कुलूप आणायचं राहिलंच. तुम्ही हसलात. "कुलूप कशाला लागतंय? आमी हाय की घरात." आपण दोघी जावा, सासूबाई, दीर, पोरं, त्या घरात कुणी ना कुणी असायचंच. माणसं गेली, पोरं पांगली, तरी तुम्ही होतात. दाराला कडी होती, तीही रात्रीपुरती.

सांगलीला आले ती लेकीसाठी. जावई फौजेत, सीमा कुपवाडच्या कारखान्यात, आणि दोन वर्षांच्या ओवीला सांभाळायला घरात दुसरं माणूस नाही. मला वाटलं, पोरं वाढवण्यात माझा हात कोण धरणार? आपण ती दोघींनी मिळून वाढवली होती, हे काही ध्यानात आलं नाही.

एका दुपारी खालच्या मजल्यावरची बाई हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आली. गॅसवर दूध होतं. तिला कुंकू लावलं आणि सवयीनं जिन्यापर्यंत पोचवायला गेले. आल्या माणसाला उंबऱ्यावरूनच वाटेला लावायचं असतं होय? मागं वाऱ्यानं दार लागलं. इथली दारं किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाहीत, हे सीमानं सांगितलं होतं, माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. ओवी आत, मोबाइल आत, किल्ली आत.

त्या बाईनं सीमाला फोन लावला. मी दाराला तोंड लावून कोंबडीच्या, म्हशीच्या गोष्टी सांगत सुटले. पोर दाराशीच थांबावी, स्वयंपाकघरात जाऊ नये, एवढंच डोक्यात. मग फटीतून गॅसचा वास आला. दूध उतू जाऊन गॅस विझला असणार. तरी तोंड थांबवलं नाही. आणि मध्येच ओवीचा आवाज बंद झाला.

सीमा स्कूटीवरून तडक आली. दार उघडलं, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. ओवी माझी चप्पल पायात घालून दारामागं गुपचूप बसली होती. सीमानं तिला उचलून घेतलं. मला भीती वाटली, आता ही मला गावी धाडणार आणि स्वतः नोकरी सोडून घरी बसणार. संध्याकाळी ती म्हणाली, "आई, उद्यापासून शिकायचं. मी शिकवते."

या वयात माझी शाळा सुरू झाली. किल्ली गळ्यात. दार ओढायच्या आधी गॅस बघायचा. सीमाचा नंबर तोंडपाठ. चुकले की ती मास्तरणीसारखी परत म्हणायला लावते. तरी दाराचा खटका वाजला की हात गळ्याशी जातो.

काल तुमचा फोन आला. सूनबाई कामाला जाते म्हणून नातवंडं सांभाळायला तुम्हीही साताऱ्याला लेकाकडं निघालात. "मला लय भ्या वाटतंय गं," म्हणालात. मलाही अजून वाटतं. गेल्या गेल्या सुनेकडून किल्ली मागून घ्या, लाजू नका.

फोन ठेवल्यावर मात्र मला दुसरीच भीती वाटायला लागली. तुम्ही निघालात की पाटणच्या घरात कुणीच नाही, आणि त्या दाराला लावायला आपल्याकडं कुलूपच नाही. जायच्या आधी बाजारातून एक आणा. त्याची एक किल्ली मला धाडा, इथल्या किल्लीशेजारी गळ्यात घालीन.