गोड बोलणारा गडी आणि काळी सोंगटी

मी कॅरमला बसलो की बोटं शांत असतात, पाय नसतात. टेबलाखाली ते शिलाई मशीन चालवत असतात. बायको म्हणते, "जेवतानी ताट हालते तुमच्यापायी. बोर्ड काऊन नाही हालत?" बोर्ड हलत नाही, कारण मी गुडघे आवळून खेळतो आणि सामना संपला की कोंडलेल्या वासरासारखा बाहेर चकरा मारतो. एवढ्या चुळबुळीचा माणूस या खेळात टिकू नये. मी पन्नाशीला टेकलो तरी टिकून आहे.

आमच्या जिल्ह्यात स्पर्धांमागे फिरणारे गडी ठरलेले. चिखली असो, मेहकर असो, बीबीसारखं खेडं असो, तेच चेहरे आपापला स्ट्रायकर रुमालात गुंडाळून हजर. कोणी मास्तर, कोणी कपड्याचा दुकानदार, मी शाळेत बाबू. आणि एक उंद्री गावचा, मिरची-टोमॅटो पिकवणारा. त्याचं बोट सगळ्यांपेक्षा अचूक होतं, पण लोक भ्यायचे ते त्याच्या तोंडाला.

हा गडी शिवी देत नाही, खोकत नाही, खुर्ची वाजवत नाही. कौतुक करतो. "वा भाऊ, काय करंगळी टेकवता हो बोर्डाले! मले त जमतच नाही." संपलं. त्या क्षणापर्यंत आपल्याला करंगळी आहे हे आपण विसरलेलो असतो. त्यानंतर बोर्डावर करंगळीशिवाय काही दिसत नाही. मेहकरच्या एका मास्तरांना त्यानं अगदी शिष्यासारखं विचारलं, "सर, नेम धरतानी तुम्ही श्वास घेता का सोडता?" सरांना त्या दिवशी दोन्ही जमेना.

गेल्या हिवाळ्यात चिखलीच्या एका सभागृहात उपांत्य सामन्याला हाच माझ्यासमोर आला. जिंकेल त्याला राज्य स्पर्धेला जाणाऱ्या जिल्हा संघात उरलेली एकमेव जागा. तो अनेकदा जाऊन आला होता. मी एकदाही नाही. जिल्ह्याचं नाव पाठीवर असलेला तो टी-शर्ट मला इतका हवा होता, की दुसऱ्यांच्या अंगावर दिसला तरी मी त्याची शिवण बघायचो. शिवाय लांबची सोंगटी आता धुरकट दिसू लागली होती. यंदा नाही तर नाहीच.

मी ठरवून गेलो होतो, हा काहीही बोलला तरी हो म्हणायचं.

"आज पाय लय जोरात चालून राह्यले भाऊ. बीबीपर्यंत पोचसान का?"

"हाव. चला संगं, डबल सीट घेतो."

लोक हसले. तोही हसला. मी एक डाव घेतला, त्यानं एक घेतला, आणि निकाल शेवटच्या डावावर आला. राणी त्याच्याकडे गेली होती. माझ्या दोन काळ्या उरल्या होत्या, त्याची एकच पांढरी. तीही भोकाच्या तोंडाशी, फुंकरीनं पडेल अशी. खेळ त्याचा. मी मनातल्या मनात टी-शर्ट घडी करून ठेवला.

त्यानं हात पुढे केला, नेम धरला आणि थांबला. हात मागे घेतला.

"लागली," तो म्हणाला.

आमच्याकडे पंच फक्त अंतिम सामन्याला असतो. तोवर बोट किंवा बाही सोंगटीला लागली, तर ज्याची लागली त्यानं सांगायचं, एवढाच नियम. मग त्याची घातलेली एक सोंगटी समोरच्यानं काढून बोर्डाच्या मधात, गोलात ठेवायची आणि खेळ समोरच्याचा. पण हे मी पाहिलंच नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं.

"कोणती?" मी विचारलं.

"तुमची काळी. स्वेटरची बाही लागली."

"हालली का?"

"हालली थोडीशी. टाका ना माही पांढरी मधात."

इतकी वर्षं या माणसाचा शब्द सोलून, आत काय आहे ते बघून मगच मी कानात घेत आलो होतो. आता हा हातातला सामना सोडून देतो? नक्की यात काहीतरी आहे. मी बोर्डाभोवती मान फिरवली, वाकून पाहिलं.

"हे नवं कोणतं काढलं?" मी विचारलं.

मागून एक जण ओरडला, "अबे देऊन राह्यला त घे ना बे!"

मी पांढरी मधात ठेवली. पहिली काळी घातली, अवघड होती ती गेली. दुसरी, बाही लागलेली, समोरच्या भोकाजवळ सरळ रेषेत. मी नेम धरला आणि डोक्यात मशीन सुरू झालं. यानं का सांगितलं? मी इथेच मारावी म्हणून? रेषा दिसते तशी नाही का? मी जरासा तिरपा मारला. काळी भोकाच्या एका कडेला लागली, दुसऱ्या कडेला लागली, आणि बाहेर येऊन बसली.

त्यानं एकामागून एक दोन्ही पांढऱ्या घातल्या.

हात मिळवताना मी विचारलंच, "खरंच लागली होती?"

त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा गोडवा उतरला. एवढ्या वर्षांत मी त्याला चिडलेला पहिल्यांदाच पाहत होतो.

"म्हंजे? मी खोटं खेळतो काय?"

"तसं नाही. पण तुमचं ते करंगळीचं..."

"ते बोलणं हाय, भाऊ. तुमाले ऐकाचं नसन त नका ऐकू. लागली म्हटलं म्हंजे लागली. त्याच्यात काई खेळ नसते."

तेवढ्यात माईकवरून संघ जाहीर झाला आणि तो मंचाकडे गेला. आयोजकांनी त्याच्या हातात टी-शर्ट ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि मग मला उभंही राहवेना.

मी परत आमच्या बोर्डाकडे आलो. काळी होती तिथे ठेवली, रेषेवर स्ट्रायकर ठेवला, सरळ मारला. गेली. पुन्हा ठेवली. गेली. अंतिम सामन्यासाठी खुर्च्या मंचाकडे नेणारा माणूस बोर्डाच्या कडेला हात लावून उभा होता.

"भाऊ, उचलू का?"

"थांब ना बे," मी म्हणालो, "एवढी एक." आणि ती पण गेली.