मागच्या खुर्चीवरच्या तायडे बाई

खिचडीत मीठ कमी पडलं म्हणून स्वयंपाकाच्या मावशींशी माझी बाचाबाची चालली होती, तेवढ्यात संदीपने शाळेच्या फाटकात मोटरसायकल उभी केली. संदीप म्हणजे आमच्या जुन्या विद्यार्थिनीचा, गौरीचा बाप. जवळ येऊन म्हणाला, “मॅडम, तायडे बाई गेल्या.” मी म्हटलं, “अमरावतीला ना? लेकीकडे जाणारच होत्या. या खेपेला तरी निवांत राहा म्हणावं.” त्याने खांद्यावरचा गमछा काढून हातात घेतला, नि खाली बघत उभा राहिला... तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिठाचं भांडण तिथंच राहिलं. त्याला आता काही आठवडे झाले, पण अजूनही कुणी ‘गेल्या’ म्हटलं की मला आधी अमरावतीच आठवते.

तायडे बाई आमच्या मुख्याध्यापिका. किन्हीराजाच्या पुढं, सोयाबीन-तुरीच्या रानात आमची चौथीपर्यंतची शाळा. मी मूळची कराडकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी वाशीमकडच्या मालेगावला आले आणि बदली होऊन बाईंच्या हाताखाली पडले. पहिल्याच वर्षी वरून फर्मान आलं, प्रत्येक शिक्षकाने कृतिसंशोधन करावं. आम्ही सगळे कुणाचं जुनं काम उतरवायला मिळतंय का, या शोधात. बाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, “म्हंजे करून पाहनंच ना वो? त्याले एवढं मोठं नाव कायले पायजे?” तेव्हापासून आमच्या शाळेत त्या भारदस्त शब्दाचं नाव ‘करून पाहू’ असंच पडलं.

पण काय करून पाहायचं, ते संदीपने आणून दिलं. गौरी तेव्हा तिसरीत होती. तिला हाताला धरून तो ऑफिसात आला. “घरी पोरगी बोल बोल बोलते. शाळेत तोंडच उघडत नाही म्हन्ते तुमी. मंग इथं ठेवू कायले? मालेगावच्या कॉन्व्हेंटात टाकतो.” एक पोर गेली की मागोमाग चार जातात, आणि लहान गावातली शाळा अशीच रिकामी होते, हे आम्ही शेजारच्या गावात पाहिलं होतं. बाईंनी त्याच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. मग आम्हाला विचारलं, “पोरगी काहून बोलत नाही?” उत्तरांना काय तोटा? मी म्हटलं लाजाळू आहे. रिठदचे आमचे खिल्लारे सर म्हणाले, मोबाइलचा परिणाम. बाई म्हणाल्या, “हे तं तुमाले वाटून राह्यलं. पाह्यलं कोनं?”

मग ऑफिसातली एक लाकडी खुर्ची उचलून त्यांनी वर्गात मागच्या भिंतीशी ठेवली. आपण आळीपाळीने एकमेकांच्या वर्गात तिथं बसायचं. उपदेश नाही, शाबासकी नाही. शाळा सुटल्यावर फक्त काय दिसलं ते सांगायचं. आणि सुरुवात कुणाच्या वर्गापासून? तर त्यांच्याच. बसणार कोण? तर मी. मुख्याध्यापिकेच्या वर्गात मागं बसून काय चुकतं ते बघायचं, ही रीत आमच्याकडे कुठं होती!

बाई पाण्याचा धडा घेत होत्या. आणि गौरीने चक्क हात वर केला. “बाई, मले माहीत हाये, आमच्या वावरातल्या हिरीत...” बाई किती मायेने म्हणाल्या, “मला. मला माहीत आहे, असं म्हणावं बाळा.” गौरी म्हणाली, “मला माहीत...” आणि खाली बसली. विहिरीत काय होतं ते विहिरीतच राहिलं. त्या तासाला आणखी काही पोरांचं हेच झालं. बाईंचा स्वर एकदाही चढला नव्हता. तरी पोरं एकेक करून मिटत गेली.

संध्याकाळी मी जे दिसलं ते सांगितलं. बाई कपाच्या कानाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे तोंड मीच बंद करून राह्यली का?” कप खाली ठेवून म्हणाल्या, “आमचा बाप मजुरी करे. तो म्हने, पुस्तकाची भाषा शीक, मंग तुले कोनी हिनवनार नाही. ते बी खरंच होतं ना वो...” त्या माऊलीने स्वतःचं चिलखत पोरांना घातलं होतं, आणि पोरांना त्यात श्वास घेता येत नव्हता. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल जेवढं प्रेम वाटलं, तेवढं आधी कधी वाटलं नव्हतं.

ठरलं, आपणच पोरांच्या बोलीत बोलायचं. खिल्लारे सर इकडचेच, त्यांचं ठीक होतं. माझी पंचाईत. मी आपली ‘ले’ दिसेल तिथं लावत सुटले. दुसऱ्या दिवशी बाई मागच्या खुर्चीवर, आणि मी तिसरीच्या भर वर्गात म्हणाले, “पोरांनो, मीले तहान लागून राह्यला.” वर्ग खो खो हसत सुटला. माझा पारा चढणार, तोच गौरी उठून उभी राहिली. “मीले नाही मॅडम, मले! अन् तहान लागून राह्यली, राह्यला नाही.” कमरेवर हात ठेवून, अगदी बाईंच्या थाटात.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी काय दिसलं ते सांगितलं. “मॅडम चुकल्या, अन् पोरगी बोलली.”

मग सौदाच झाला. पोरांनी मला वऱ्हाडी शिकवायची, मी त्यांना पुस्तकाची भाषा. मात्र चूक दाखवायची ती समोरच्याचं वाक्य पुरं झाल्यावरच. जादू काही झाली नाही. कितीतरी गोष्टी करून पाहिल्या नि सोडून दिल्या. पण गौरी चौथीपर्यंत आमच्याकडेच राहिली. आता मालेगावच्या हायस्कुलात आहे, एसटीच्या कंडक्टरशी हुज्जत घालते. संदीप म्हणतो, “मॅडम, आता तिले गप्प बसवाचं काही करून पाहा.”

निवृत्तीनंतरही बाई वाशीमहून एसटीने यायच्या, मागच्या खुर्चीवर बसायच्या, चहासोबत काय दिसलं ते सांगायच्या. आम्ही कधी रुसायचो, कधी सुधारायचो.

त्या गेल्यावर शाळेत श्रद्धांजली झाली. आम्ही त्यांचा फोटो त्याच खुर्चीवर ठेवला, हार घातला, उदबत्ती लावली. हार सुकला, बदलला, पुन्हा सुकला. पण फोटो उचलायला कुणाचा हात धजेना आणि एकमेकांच्या वर्गात बसणं बंद पडलं. आमच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते तिसरीतल्या आयुषच्या. “मॅडम, फोटो काहून बसून राह्यला तिथं? तिथं तं पाहनारं बसते ना?”

मला भडभडून आलं. बाईंना आम्ही त्यांच्याच खुर्चीत गप्प बसवलं होतं... खिल्लारे सरांनी लगेच भिंतीत खिळा ठोकला. फोटो वर गेला. बाई गेल्यानंतरच रुजू झालेल्या स्नेहा मॅडमनी बाईंना पाहिलेलंही नाही. त्यांना म्हटलं, “उद्या माझ्या वर्गात मागं बसा. काय दिसलं ते सांगा.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बिचाऱ्या चाचरत म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही प्रश्न विचारता आणि मुलांनी तोंड उघडायच्या आतच उत्तर देऊन टाकता.” मी तिथल्या तिथं भडकले. मला शिकवते ही, कालची पोर! पुढं बरंच काही ओठांवर आलं होतं. भिंतीवरून बाई बघत होत्या. मी खुर्चीच्या हातावर उरलेली उदबत्तीची राख पदराने पुसली आणि म्हटलं, “बरं. उद्या थांबून पाहते. तुम्ही बसाल ना?”